कारागिराची कानस आणि कमरेचे पिस्तूल

अमेरिकेच्या इतिहासात १९११ हे काही मोठ्या उलथापालथीचे वर्ष म्हणून गणले जात नाही. तथापि त्या एकाच वर्षी, पाच महिन्यांच्या अंतराने, तेथे दोन निर्णय झाले आणि त्या दोहोंमधील ओढाताण अद्याप संपलेली नाही. २९ मार्च १९११ रोजी अमेरिकन सैन्याने जॉन ब्राउनिंग याने रचलेले आणि कोल्ट कारखान्याने बनविलेले एक अर्धस्वयंचलित पिस्तूल आपले अधिकृत शस्त्र म्हणून स्वीकारले. त्याच वर्षी ३१ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्क राज्यात सलिव्हन कायदा अमलात आला. अंगावर लपवून नेता येईल एवढे लहान शस्त्र जवळ ठेवायचे असेल, तर त्यासाठी सरकारी परवाना हवा, असे त्या कायद्याने ठरविले. पहिल्या निर्णयाने सैनिकाच्या कमरेला एक शस्त्र बांधले. दुसऱ्याने नागरिकाच्या खिशातील शस्त्राला आळा घालू पाहिला. परंतु पुढील शंभर वर्षांत घडले ते असे की, सैनिकाचे तेच पिस्तूल हळूहळू नागरिकाच्या कमरेला येऊन बसले.

ते जसेच्या तसे मात्र आले नाही. वाटेत त्याला कुशल कारागिरांचे हात लागले. कोणी त्याचे कोपरे गोल केले, कोणी चाप हलका केला, कोणी नळी आखूड केली. कारखान्यातून निघालेले पिस्तूल एखाद्या विशिष्ट माणसाच्या हाताला, डोळ्याला आणि अंगावरील कपड्यांना जुळवून देण्याची एक स्वतंत्र विद्याच अमेरिकेत निर्माण झाली. रोज जवळ बाळगायचे पिस्तूल कसे असावे, याविषयी तेथील शौकिनांत जी मतमतांतरे आहेत, ती वरवर पाहता यंत्राच्या तपशिलाविषयीची वाटतात. खोलात जाऊन पाहिले, तर माणसाने भरवसा कशावर ठेवावा हाच त्यांच्यामागचा प्रश्न असल्याचे दिसून येते.

प्रथम या शस्त्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात असतात आणि ते चक्र माणसाच्या बोटाच्या जोराने फिरते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात हे काम गोळीच्या धक्क्याकडून करवून घेतले जाते. गोळी सुटली की, नळीवरील सरकता पोलादी भाग धक्क्याने मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या बळाने पुढे येताना मुठीतील पेटीतून नवे काडतूस उचलून नळीत बसवितो. चाप मात्र प्रत्येक गोळीसाठी पुन्हा ओढावा लागतो. म्हणून ते ‘अर्ध’स्वयंचलित.

ही युक्ती ज्याने सिद्धीस नेली, त्या ब्राउनिंगचा जन्म १८५५ मध्ये यूटा प्रांतातील ऑग्डेन गावी झाला. त्याचा बाप बंदुका दुरुस्त करणारा कारागीर होता आणि मुलाचे शिक्षण बापाच्या दुकानातच झाले. पुढे त्याच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. १८९७ पासून बेल्जममधील एर्स्ताल येथील कारखान्याशी त्याचा संबंध आला आणि त्याची पिस्तुले जगभर पसरली. महाराष्ट्राच्या इतिहासातही त्याचे नाव एका गंभीर प्रसंगाने नोंदले गेले आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या लंडनहून गुप्तपणे हिंदुस्थानात आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांपैकी एकातून. रिव्हॉल्व्हरहून चपटे, सहज लपणारे हे नवे शस्त्र इतक्या थोड्या वर्षांत ऑग्डेनच्या कारागिराकडून गोदावरीच्या काठापर्यंत येऊन पोहोचले होते.

अमेरिकन सैन्याची निकड मात्र निराळी होती. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलिपाइन्स बेटांत मोरो लोकांशी लढताना सैनिकांचा असा अनुभव होता की, त्यांच्या रिव्हॉल्व्हरमधील ०.३८ इंचाची गोळी लागूनही अंगावर धावून येणारा माणूस थांबत नाही. तेव्हा १९०४ मध्ये टॉम्सन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर आणि मानवी प्रेतांवर गोळ्या झाडून परीक्षा घेतल्या. त्या परीक्षांत निर्दयता पुष्कळ होती आणि शास्त्रीय काटेकोरपणा बेताचाच. तरीही सैनिकी पिस्तुलाची गोळी ०.४५ इंचाहून बारीक नसावी, असा त्यांचा निष्कर्ष मान्य झाला. मोठी गोळी बरी की लहान गोळी बरी, हा वाद तेथपासून सुरू झाला आणि शौकिनांच्या बैठकीत तो अजूनही थांबलेला नाही.

मार्च १९११ मध्ये अखेरची कसोटी झाली. ब्राउनिंगचे कोल्ट आणि प्रतिस्पर्धी सॅव्हेज या दोन पिस्तुलांतून प्रत्येकी ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. सॅव्हेज ३७ वेळा अडले. कोल्ट एकदाही अडले नाही. या कसोटीत कोणाचे पिस्तूल अधिक सुबक किंवा अधिक हलके, हे कोणी विचारले नव्हते. चाप ओढल्यावर ते चालते की नाही, एवढेच पाहिले गेले. ही गोष्ट पुढील सर्व वादविवाद समजण्यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या पिस्तुलाचे वजन सुमारे १,१०० ग्रॅम, नळी ५ इंच लांब आणि पेटीत ७ काडतुसे. घोडदळाच्या आग्रहावरून त्याला अंगठ्याने चालणारा एक सुरक्षा-खटका जोडण्यात आला. कारण एका हाती लगाम धरलेल्या स्वाराला दुसऱ्या हाताने, घोडा चढविलेल्या स्थितीत, पिस्तूल निर्धोक करता यावे लागे. मुठीच्या पाठीला दुसरा खटका होता. हाताने मूठ घट्ट धरल्याशिवाय चाप चालतच नसे. आणखी एक वैशिष्ट्य असे की, त्याचे भाग एकमेकांत अगदी घट्ट बसविलेले नव्हते. सैन्याचे पिस्तूल हलविले तर ते किंचित खुळखुळे. हा कारागिरीतील हलगर्जीपणा नव्हता. खंदकातील चिखल, वाळू आणि काजळी आत शिरली तरी भाग फिरत राहावेत आणि एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्याला बसावा, यासाठी ही सैल ठेवण उपयोगी होती.

पहिल्या महायुद्धात या शस्त्राने नाव कमावले. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्गॉनच्या रानात संगिनी रोखून धावत येणाऱ्या जर्मन सैनिकांच्या तुकडीला ॲल्विन यॉर्क याने याच पिस्तुलाने रोखले, ही हकिकत अमेरिकेत घरोघर सांगितली गेली. परंतु युद्धाने त्यातील उणिवाही दाखविल्या. आखूड बोटांच्या सैनिकांना चाप लांब पडे. मागे येणारा घोडा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातील कातडीला चिमटा घेई. म्हणून १९२० नंतरच्या काही वर्षांत चाप आखूड करण्यात आला, पाठीमागील खटक्याची शेपटी लांबविण्यात आली आणि मुठीची पाठ फुगीर झाली. म्हणजे या पिस्तुलाला माणसाच्या हाताशी जुळवून घेण्याचे पहिले काम सैन्यानेच केले. फरक एवढाच की, सैन्याने ते सरासरी हातासाठी केले. पुढील कारागिरांनी ते एकेका हातासाठी केले.

दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे १९ लाख पिस्तुले बनली. ती बनविणाऱ्यांत टाइपरायटरचा कारखाना होता आणि रेल्वेचे सिग्नल बनविणारी कंपनी होती. आपल्याकडील शिंप्यांच्या दुकानांत जिचे नाव परिचित आहे, त्या सिंगर कंपनीनेही फक्त ५०० पिस्तुले बनविली आणि आज ती संग्राहकांच्या दृष्टीने अत्यंत दुर्मिळ ठरली आहेत. युद्ध संपले, सैनिक घरी आले, आणि हातात मुरलेल्या या शस्त्राची ओढ त्यांच्याबरोबर आली.

शांततेच्या काळात या पिस्तुलाला पहिला आश्रय मिळाला तो निशाणबाजीच्या मैदानावर. ओहायो राज्यातील कॅम्प पेरी येथे दरवर्षी राष्ट्रीय सामने भरत. तेथे ५० यार्डांवरील कागदी वर्तुळाचा मध्य भेदावयाचा असे, आणि त्या कामी सैन्याचे खुळखुळणारे पिस्तूल अपुरे पडे. मग कारागीर पुढे आले. लॉस एंजेलिसचा फ्रँक पाकमायर आणि लुइझियानाचा जिम क्लार्क ही त्यांतील दोन ठळक नावे. क्लार्क हा केवळ कारागीर नव्हता; १९५८ ची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा त्याने स्वतः जिंकली होती. हे लोक सरकता भाग आणि खालचा सांगाडा एकमेकांत इतका घट्ट बसवीत की, मध्ये वाऱ्याला वाव उरू नये. नळी प्रत्येक गोळीनंतर केसभरही न ढळता पूर्वीच्या जागी येऊन बसे. कोल्ट कारखान्यानेही ही मागणी ओळखून १९३० च्या दशकात निशाणबाजांसाठी खास पिस्तूल काढले आणि १९५७ मध्ये ‘गोल्ड कप’ या नावाने ते नव्याने बाजारात आणले.

येथे शौकिनांतील पहिला मोठा मतभेद उभा राहिला. जे पिस्तूल अचूक करण्यासाठी आवळले, ते धुळीने, मळाने किंवा थोड्या निराळ्या काडतुसाने अडण्याचा धोका वाढला. मैदानावर पिस्तूल अडले तर गुण जातो. अंधाऱ्या गल्लीत अडले तर प्राण जातो. तेव्हा रोज जवळ बाळगण्याच्या पिस्तुलाला ही तालेवार घट्ट बांधणी हवी की ब्राउनिंगने ठेवलेली सैल, या प्रश्नावर दोन पक्ष पडले. जुन्या सैनिकांचा पक्ष म्हणे की, पंधरा पावलांवरील माणसासाठी टाचणीचे टोक भेदणारी अचूकता काय कामाची? कारागिरांचा पक्ष उत्तर देई की, खरे कौशल्य आवळण्यात नसून कोठे आवळावे आणि कोठे सैल सोडावे हे जाणण्यात आहे. सतार जुळविणाऱ्यालाही हेच म्हणता येईल. नळी कुलूपबंद होण्याच्या जागी घट्टपणा हवा. काडतूस वर चढण्याच्या वाटेवर मोकळीक हवी.

या वादाला निश्चित दिशा दिली ती जेफ कूपर याने. १९२० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ मरीन दलातील निवृत्त अधिकारी होता आणि इतिहासाचा अभ्यासक. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बिग बेअर या डोंगराळ गावी त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक निराळ्या प्रकारचे सामने सुरू केले. मैदानावर सावकाश नेम धरण्याऐवजी येथे कमरेच्या म्यानातून पिस्तूल काढायचे, वेळ मोजायचा आणि नेमही साधायचा. अनेकांनी एका हाताने, कमरेच्या उंचीवरून, चित्रपटातील नटासारख्या गोळ्या झाडून पाहिल्या. पण जॅक वीव्हर नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने दोन्ही हातांनी पिस्तूल धरून, डोळ्यासमोर आणून, शांतपणे निशाण साधले आणि तो जिंकू लागला. कूपरने ते पाहिले, तपासले आणि त्याचे शास्त्र बनविले. १९७६ मध्ये त्याने ॲरिझोना राज्यात पॉल्डनजवळ शिक्षणसंस्था काढली. त्याच वर्षी मिसूरीतील कोलंबिया येथे स्थापन झालेल्या व्यावहारिक निशाणबाजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा तो पहिला अध्यक्ष झाला.

रोजच्या पिस्तुलावर काय काय सुधारणा असाव्यात, याविषयी कूपरचे मत मोठे मार्मिक होते. त्याच्या मते खरोखर आवश्यक अशा गोष्टी तीनच: डोळ्यांना स्पष्ट दिसेल अशी माशी व खाच, बोटाला आवरता येईल असा चाप, आणि हाताला वा कपड्याला न बोचतील असे गोल केलेले कोपरे. बाकीचा साज ज्याच्या त्याच्या हौसेचा. कूपर स्वतः ब्राउनिंगच्या पिस्तुलाचा आणि ०.४५ च्या गोळीचा कट्टर पुरस्कर्ता. तरीही ज्याने या शस्त्राचा सर्वांत मोठा उदो-उदो केला, त्यानेच त्यावरील कारागिरीची यादी इतकी आखूड ठेवावी, हे विचार करण्यासारखे आहे.

सर्वच कारागिरांनी मात्र ही आखूड यादी पाळली नाही. कॅलिफोर्नियातील गार्डिना येथील आर्मंड स्वेन्सन याने डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चालेल असा सुरक्षा-खटका प्रचारात आणला. डावऱ्या माणसासाठी ही केवढी सोय होती, हे डावऱ्यालाच कळेल. सैन्याच्या पिस्तुलावरील माशी इतकी बारीक असे की, संध्याकाळी ती दिसतच नसे. तेथे उंच, ठळक माशी बसविण्यात आली. सैन्याची गोळी गोल टोकाची, पण नागरिक बोथट टोकाच्या गोळ्या वापरू लागले आणि त्या नळीच्या तोंडाशी अडखळू लागल्या. तेव्हा काडतुसाची वाट घासून गुळगुळीत करणे हा कारागिराचा नित्याचा उद्योग झाला. यांतील एकही काम बाहेरून डोळ्यांत भरणारे नव्हते. जाणकार शौकिनांचे एक मत असेच आहे की, उत्तम कारागिरी ती, जी पाहणाऱ्याला दिसत नाही आणि वापरणाऱ्याला जाणवते.

दुसरा मतभेद वजनाचा. ११०० ग्रॅमचे पोलाद कमरेला बांधून दिवसभर वावरणे म्हणजे काय, हे वाण्याच्या तराजूत सव्वा शेराहून थोडे कमी पडणारे वजन पट्ट्यात खोचून पाहिल्याशिवाय कळणार नाही. १९५० मध्ये कोल्टने ‘कमांडर’ हे रूप काढले. त्याची नळी सव्वाचार इंच आणि सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. वजन सुमारे ७५० ग्रॅमवर आले. १९७० च्या दशकात सिॲटल येथील डेटॉनिक्स कंपनीने त्याहूनही आखूड पिस्तूल बनविले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पॅरिस थिओडोर याने स्मिथ अँड वेसनच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाला कापून, छाटून, घासून ‘एएसपी’ हे लहानसे रूप दिले. त्याच्या मुठीच्या बाजू अर्धपारदर्शक होत्या, म्हणजे आत किती काडतुसे उरली ते एका दृष्टिक्षेपात दिसावे. कोटाच्या अस्तरात अडकेल असा एकही कोपरा त्याने ठेवला नाही. परंतु येथेही निसर्गनियमाने आपली किंमत वसूल केलीच. पिस्तूल जितके हलके, तितका हाताला बसणारा धक्का मोठा. नळी जितकी आखूड, तितकी सरकत्या भागाच्या हालचालीची वेळ नाजूक. म्हणून जड पिस्तुलाचे कैवारी म्हणतात की, बाळगायला सोपे ते चालवायला अवघड. हलक्याचे कैवारी उलट विचारतात की, जड म्हणून घरी कपाटात राहिलेले पिस्तूल प्रसंगी कोणाच्या उपयोगी पडणार?

१९७७ मध्ये आर्कान्सा राज्यातील बेरिव्हिल या लहान गावी बिल विल्सन याने आपल्या घरच्या जवाहिऱ्याच्या दुकानाच्या मागील भागात पिस्तुले दुरुस्त करण्यास आरंभ केला. त्याचा पुढे मोठा व्यवसाय झाला आणि २००४ मध्ये त्याच गावी नाइटहॉक ही दुसरी संस्था निघाली. एक पिस्तूल आरंभापासून अखेरपर्यंत एकाच कारागिराच्या हातून पूर्ण व्हावे, हा तिचा दंडक. अशा पिस्तुलांची किंमत हजारो डॉलरच्या घरात जाते आणि तरीही गिऱ्हाइके वाट पाहतात. खुद्द सरकारलाही हा मोह सुटला नाही. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने ब्राउनिंगच्या पिस्तुलाला निरोप देऊन इटालियन बनावटीचे ९ मिलिमीटरचे बेरेटा घेतले. परंतु मरीन दलाच्या क्वांटिको येथील शस्त्रकारांनी जुन्या साठ्यातील चांगले सांगाडे निवडून, बाजारातील उत्तम भाग बसवून, निवडक तुकड्यांसाठी हाताने पिस्तुले बांधली. जे नागरिक कारागिरांनी शोधून काढले होते, ते उलट्या वाटेने सैन्यात परतले.

एवढ्यात एका परक्या माणसाने या साऱ्या कारागिरीलाच आव्हान दिले. ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉक याचे पिस्तूल १९८२ मध्ये त्या देशाच्या सैन्याने स्वीकारले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर ते अमेरिकेच्या बाजारात आले. सांगाडा प्लास्टिकचा, काडतुसे १७, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास, बाहेरून वेगळा खटका नाही, सौंदर्याचा तर प्रश्नच नाही. पेटीतून काढावे आणि वापरावे. जुने शौकीन प्रथम हसले, पण पोलीस खात्यांमागून पोलीस खाती त्याच्याकडे वळली. १९११ ची कसोटी आता ब्राउनिंगच्याच भक्तांना विचारली जाऊ लागली: ‘ते चालते की नाही?’ ज्या अविरत विश्वासासाठी विल्सन वा नाइटहॉकच्या गिऱ्हाइकाने हजारो डॉलर मोजावेत, तो विश्वास आता थोडक्या किमतीत दुकानात मिळू लागला होता. तेव्हा खास बनवून घेतलेल्या पिस्तुलाचा कैवारी कशावर बोट ठेवणार? तो चापाकडे बोट दाखवितो. ब्राउनिंगच्या पिस्तुलाचा चाप सरळ मागे सरकतो आणि कुशल हाताने घासलेला तो चाप काचेची काडी मोडावी तसा सुटतो. त्याला नेमकेपणात तोड नाही, असे त्याचे म्हणणे.

परंतु याच चापाभोवती सर्वांत गंभीर मतभेद आहे. निशाणबाजाला चाप जितका हलका तितका बरा. भयभीत माणसाच्या बोटाला मात्र जड-हलक्याचे भान उरत नाही. नको त्या क्षणी गोळी सुटते. म्हणून विचारी शौकीन सांगतात की, रोज बाळगण्याच्या पिस्तुलाचा चाप फार हलका करू नये. न्यायालयात उभे राहण्याची पाळी आली, तर मुद्दाम हलका केलेला चाप बेफिकिरीचा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो, असाही त्यांचा इशारा असतो. तोच प्रकार घोडा चढवून, खटका लावून पिस्तूल बाळगण्याचा. कूपरच्या शिष्यांना ही स्थिती सर्वांत योग्य वाटते. सैन्याची शिस्त मात्र निकडीच्या प्रसंगाखेरीज तिला परवानगी देत नसे, आणि चढलेला घोडा पाहून शेजारच्या माणसाच्या पोटात गोळा उठतो ते निराळेच.

गोळीच्या आकाराचा वादही पुनःपुन्हा उसळला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत केंद्रीय तपास खात्याचे २ अधिकारी ठार आणि ५ जखमी झाले. ९ मिलिमीटरची एक गोळी गुन्हेगाराच्या छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. खात्याने अधिक जबर काडतुसांकडे धाव घेतली. पुढे दारू आणि गोळी यांची घडण सुधारल्यावर २०१० नंतरच्या दशकात तेच खाते ९ मिलिमीटरकडे परतले. शिकागोच्या कत्तलखान्यात विचारलेला प्रश्न शंभर वर्षे फिरून पुन्हा तेथेच आला.

या काळात कायद्याचे काटेही फिरले. जुन्या पश्चिमेत प्रत्येक जण पिस्तूल लटकावून हिंडे, ही चित्रपटांनी रुजविलेली कल्पना. वस्तुतः ॲरिझोनाच्या टूमस्टोन गावात शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी होती, आणि २६ ऑक्टोबर १८८१ रोजी तेथे झालेली सुप्रसिद्ध चकमक त्या बंदीच्या अंमलबजावणीतूनच पेटली. पुढे १९८७ मध्ये फ्लॉरिडा राज्याने, ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या कोणाही नागरिकाला परवाना दिलाच पाहिजे, असा कायदा केला आणि अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. न्यूयॉर्कच्या सलिव्हन कायद्यात १९१३ मध्ये भर पडली होती की, शस्त्र लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी सबळ कारण दाखवावे लागेल. ती अट २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. आता तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावाचूनही पिस्तूल बाळगता येते. भारतात याउलट १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना अनिवार्य आहे. त्यामुळे अमेरिकेतील हा शौक आपल्याकडील वाचकाला नवलाचा वाटला, तर आश्चर्य नाही.

पण नवल वाटून थांबणे पुरेसे नाही. या शौकिनांचे सारे वाद एका चित्राभोवती फिरतात: रात्रीची वेळ, अनोळखी हल्लेखोर आणि एकाकी सज्जन. त्या चित्रासाठी चाप घासला जातो, माशी ठळक केली जाते, गोळी निवडली जाते. आकडे मात्र दुसरे चित्र दाखवितात. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत बंदुका-पिस्तुलांनी ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःच्याच हाताने स्वतःचा अंत करून घेतला. म्हणजे अर्ध्याहून अधिक मृत्यूंत दारावर कोणी हल्लेखोर नव्हता. होता तो एक खचलेला माणूस आणि हाताशी असलेले, न अडता चालणारे एक शस्त्र. ब्राउनिंगने जो गुण ६,००० गोळ्यांच्या कसोटीत सिद्ध केला, तोच गुण अशा घटकेला पश्चात्तापाला क्षणाचीही उसंत देत नाही.

या शौकिनांतील श्रेष्ठ लोकांना हे कळत नव्हते असे नाही. कूपरने आपल्या विद्यार्थ्यांना चार नियम घालून दिले होते. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. ज्याचा नाश करण्याची तयारी नाही त्याच्यावर ते कधी रोखू नये. नेम पूर्ण लागेपर्यंत बोट चापाला लावू नये. आणि समोर काय आहे व त्याच्या पलीकडे काय आहे, याची खातरी करून घ्यावी. या चार नियमांत गोळीच्या व्यासाचा, नळीच्या लांबीचा किंवा कारागिराच्या नावाचा उल्लेखही नाही. सारा भार माणसाच्या मनावर आणि बोटावर आहे.

जॉन ब्राउनिंग २६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जममधील एर्स्तालच्या कारखान्यात, काम करता करताच मरण पावला. त्याच्या अपुऱ्या आराखड्यावर पुढे द्यूदोने सैव्ह याने काम केले आणि १९३५ मध्ये त्यातून निघालेल्या ‘हाय पॉवर’ पिस्तुलाचा वंशज भारतीय सैन्याच्या कमरेलाही आला; तो इछापूरच्या कारखान्यात बनविला गेला. ब्राउनिंगने पिस्तुलाला दोन सुरक्षा-खटके दिले होते, एक अंगठ्यासाठी आणि एक तळव्यासाठी. त्याच्यामागून आलेल्या कारागिरांनी ते खटके मोठे केले, गुळगुळीत केले, दोन्ही हातांना सोयीचे केले. तिसरा खटका मात्र पिस्तुलात बसविता येत नाही. तो बाळगणाऱ्यापाशी असावा लागतो, आणि जेथे तो नसेल तेथे उत्तमातील उत्तम कारागिराची कानसही निरुपयोगी ठरते.